शब्दार्थ आणि अभियोग : टिळकांच्या बचावाचा भाषिक विचार

१

फौजदारी वकिलाचे न्यायविषयक चिंतन बहुधा आठवणींच्या रूपाने वाचकांपुढे येते. गाजलेले खटले, नामांकित न्यायमूर्ती, साक्षीदारांच्या उलटतपासणीतील चमत्कृतिपूर्ण प्रसंग यांची वर्णने त्यात असतात आणि कायद्याच्या तत्त्वांचा विचार प्रसंगोपात्त डोकावतो. याहून निराळ्या जातीचे एक चिंतन आहे. ते निवृत्तीनंतरच्या निवांतपणात घडत नाही; न्यायासनासमोर, निकाल अनिश्चित असताना आणि शिक्षेचे भय समोर उभे असताना ते घडते. मराठी भाषकांच्या इतिहासात या दुसऱ्या जातीचे सर्वांत विस्तृत उदाहरण म्हणजे जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांनी मुंबईच्या हायकोर्टात स्वतःच्या बचावासाठी केलेले भाषण होय. ते अनेक दिवस चालले आणि एकंदर एकवीस तास दहा मिनिटे भरले.

टिळक हे व्यवसायाने वकील नव्हते. तथापि १८७९ साली त्यांनी एल्एल्. बी. ही पदवी संपादन केली होती, पुढे पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला होता आणि हिंदू धर्मशास्त्राचे अध्यापन केले होते. १९०८ साली आरोपी आणि आरोपीचा वकील या दोन्ही भूमिका त्यांनी एकट्याने पार पाडल्या. या भाषणाकडे राष्ट्रीय चळवळीतील एक तेजस्वी प्रकरण म्हणून पाहण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कायदा शिक्षा करतो ती हेतूला. पुरावा म्हणून मात्र तो शब्द पुढे ठेवतो. हेतू आणि शब्द यांना जोडणारा दुवा म्हणजे अर्थ. हा अर्थ कोणी ठरवावयाचा, कोणत्या भाषेत ठरवावयाचा आणि तो सिद्ध करण्याचा भार कोणावर, हे प्रश्न टिळकांवरील १८९७, १९०८ व १९१६ या तीन प्रकरणांत क्रमाने उभे राहिले. ही तीन प्रकरणे एकत्र वाचली असता बचावाच्या बाजूचा एक सलग भाषाविचार हाती लागतो. त्याचे बळ कोणते व त्याची मर्यादा कोणती, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

पहिले प्रकरण सदाशिव पेठेशी निगडित आहे. १८९७ साली टिळकांचे वास्तव्य तेथील विंचूरकर वाड्यात होते. नारायण पेठेतील गायकवाड वाडा हा त्यांच्या आयुष्यातील पुढचा टप्पा होय. त्या वर्षीच्या १५ जूनच्या 'केसरी'त शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली. २२ जून रोजी प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि जुलैच्या अखेरीस टिळकांना पिनल कोडाच्या १२४-अ या कलमाखाली अटक झाली. हे कलम मूळच्या १८६० च्या संहितेत नव्हते. १८७० साली ते घालण्यात आले. त्यातील कळीचा शब्द 'डिसअफेक्शन' हा होता. मराठीत त्याला 'अप्रीती' असा प्रतिशब्द रूढ झाला आहे.

न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावून सांगताना या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा केला आणि सरकारविषयीच्या द्वेषापासून नावडीपर्यंत सर्व प्रकारच्या दुर्भावनेचा समावेश त्यात होतो असे प्रतिपादले. तत्पूर्वी १८९१ साली कलकत्त्याच्या 'बंगवासी' पत्रावरील खटल्यात सरन्यायाधीश पेथेरम यांनी त्याच शब्दाचा अर्थ प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना असा केला होता. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटेल. वस्तुतः सर्व वाद त्यातच साठविलेला आहे.

व्याकरणपरंपरेने 'नञ्' या नकारवाचकाचे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, भिन्नत्व, अल्पत्व, अप्रशस्तत्व आणि विरोध. 'अपाप' या शब्दात पापाचा अभाव आहे. 'अधर्म' या शब्दात मात्र केवळ धर्माचा अभाव नसून धर्माशी विरोध आहे. मराठीतील 'अबोला' हा शब्द या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. दोन अनोळखी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून त्यांच्यात अबोला आहे असे कोणी म्हणत नाही. अबोला धरावा लागतो. तो ज्यांच्यात पूर्वी बोलणे होते त्यांच्यातच असू शकतो. म्हणजे रूपाने नकारात्मक असलेला हा शब्द अर्थाने एका निश्चित, हेतुपुरस्सर वर्तनाचा वाचक आहे. नकारवाचक शब्दाचा अर्थ त्याच्या घटकांची वजाबाकी करून मिळत नाही, हे भाषाशास्त्रातील प्राथमिक सत्य येथे स्पष्ट होते.

स्ट्रेची यांनी 'नञ्'चा अभाव हा अर्थ कलमात दाखल करून घेतला. पेथेरम यांनी विरोध हा अर्थ घेतला होता. अभाव हा अर्थ घेतल्यास परकी सत्तेविषयी उदासीन असणारा प्रत्येक प्रजाजन कलमाच्या कक्षेत येऊ शकतो, कारण प्रीती ही कायद्याने उत्पन्न करता येणारी वस्तू नव्हे. विरोध हा अर्थ घेतल्यास फिर्यादी पक्षाला एक निश्चित, कार्यप्रवण वैरभाव सिद्ध करावा लागतो. सातारा जिल्ह्यातील इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्रावरील खटला त्याच सुमारास हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे आला, तेव्हा पीठावर असलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 'डिसअफेक्शन' म्हणजे केवळ सद्भावाचा अभाव नव्हे, तर राजनिष्ठेच्या उलट अशी प्रत्यक्ष तिरस्काराची व सत्तेला झुगारून देण्याची वृत्ती होय, असा अभिप्राय दिला. टिळक आणि रानडे यांचे सार्वजनिक जीवनातील मतभेद प्रसिद्ध आहेत; या एका शब्दाच्या अर्थाबाबत मात्र रानड्यांचा निर्वाळा बचावाच्या भूमिकेला अधिक जवळचा होता.

टिळकांना त्याचा लाभ झाला नाही. सहा युरोपियन व तीन हिंदी गृहस्थांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली. १८९८ च्या दुरुस्तीने कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणात अप्रीतीमध्ये राजनिष्ठेचा अभाव व सर्व प्रकारची वैरभावना यांचा समावेश होतो असे नमूद करण्यात आले. न्यायासनाने केलेला अर्थविस्तार अशा रीतीने कायद्याच्या अक्षरात स्थिरावला.

३

१८९७ मध्ये वाद कायद्यातील एका इंग्रजी शब्दाविषयी होता. १९०८ मध्ये तो आरोपित मराठी लेखनाविषयी झाला. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला. त्यानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांपैकी 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) हे दोन लेख आरोपाचे विषय झाले. १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून युक्तिवाद करणारे दावर हेच आता न्यायमूर्ती म्हणून आसनावर होते. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. विशेष ज्यूरी नेमण्यास बचावपक्षाने जो विरोध केला, त्यात मराठी न जाणणाऱ्या व्यक्तींनी मराठी लेखांचा न्याय करावा काय, हा मुद्दा होता. तो मान्य झाला नाही.

ज्यूरीपुढे आलेला पुरावा म्हणजे वस्तुतः सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीने केलेले इंग्रजी भाषांतर होते. टिळकांनी त्या कचेरीतील साहाय्यकाची स्वतः उलटतपासणी केली आणि शब्दाशब्दाचे पर्याय, छटा व वाक्यरचना यांविषयी त्याला प्रश्न विचारले. त्यांच्या युक्तिवादाचे स्थूलमानाने तीन पदर दिसतात. पहिला असा की भाषांतर विपर्यस्त आहे. दुसरा असा की युरोपीय राज्यशास्त्रातील कल्पना मराठीत आणताना लेखकाला जुन्या शब्दांचा आश्रय करावा लागतो. त्या शब्दांचे पुन्हा इंग्रजीत रूपांतर करताना मूळ शास्त्रीय संज्ञा हरवते आणि तिच्या जागी एखादा भडक शब्द येऊन बसतो. तिसरा पदर असा की हे लेख एकाकी नसून अँग्लो-इंडियन पत्रांशी चाललेल्या एका वादातील उत्तरे आहेत. प्रश्न बाजूला ठेवून उत्तराचा अर्थ करता येत नाही. यासाठी त्यांनी त्या काळच्या वृत्तपत्रांतील उतारे पुराव्यात दाखल केले.

यांतील दुसरा पदर भाषाशास्त्रदृष्ट्या सर्वांत मोलाचा आहे. 'जुलूम' हाच शब्द घेऊन त्याची परीक्षा करता येईल. मराठी माणूस 'जुलमाचा रामराम' असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अत्याचारी राजा नसतो. मनाविरुद्ध करावयाची एक गोष्ट असते. अशा शब्दाच्या जागी अत्याचारी राजसत्तेचा वाचक असलेला एकच इंग्रजी शब्द यंत्रवत् ठेवला, तर मूळ वाक्यातील तक्रारीचे भाषांतरात बंडाच्या घोषणेत रूपांतर होते. भाषांतरकाराने खोटेपणा केला असेच यासाठी मानावे लागत नाही. दोन भाषांतील शब्दांची अर्थक्षेत्रे एकमेकांशी जुळत नाहीत, एवढे कारण पुरेसे आहे. सामान्य व्यवहारात या विसंगतीची किंमत गैरसमजापुरती असते. फौजदारी अभियोगात ती वर्षांच्या तुरुंगवासाने मोजावी लागते.

टिळकांच्या घरझडतीत स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक पोस्टकार्ड सापडले होते आणि तेही पुराव्यात मांडले गेले. स्फोटक द्रव्यांविषयीच्या नव्या कायद्यावर लिहावयाचे असल्याने ती माहिती आवश्यक होती, असा खुलासा टिळकांनी केला. संदर्भ काढून घेतला म्हणजे पुस्तकाचे नावसुद्धा आरोपाचे वाक्य होऊ शकते, याचे हे लहानसे परंतु बोलके उदाहरण होय.

४

या भाषणाचे मूल्यमापन करताना त्यातील एक अंतर्गत ताण दृष्टीआड करून चालणार नाही. भाषांतराच्या वादात टिळक शब्दाच्या वाच्यार्थावर भर देतात : कोशात जो अर्थ आहे, वाक्यात जेवढे म्हटले आहे, तेवढेच लेखकाच्या पदरी घालावे. परंतु 'केसरी'चे गद्य केवळ वाच्यार्थावर जगत नव्हते. वाचकाला जे उघड सांगता येत नाही ते त्याला कळेल अशा रीतीने सांगणे, हे पारतंत्र्यातील वृत्तपत्राचे सामर्थ्य होते आणि 'केसरी'च्या वाचकवर्गाला ते पूर्ण अवगत होते. इतिहासातील प्रसंग घ्यावा आणि वर्तमानाचा निर्देश करू नये. तो निर्देश वाचकाने करावा. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर टिळकांचे लेखन व्यंजनेवर उभे होते आणि त्यांचा बचाव अभिधेवर. फिर्यादी पक्षाला या व्यंजनेची जाणीव होती, हे मान्य केले पाहिजे. या मर्यादेत भाषांतराच्या चुका दाखविणारा युक्तिवाद, कितीही बिनतोड असला तरी, प्रतिपक्षाच्या खऱ्या संशयाला स्पर्श करीत नाही.

परंतु येथेच भाषणातील तिसरा पदर, म्हणजे संदर्भाचा आग्रह, पहिल्या दोहोंपेक्षा सखोल ठरतो. मम्मटादी साहित्यशास्त्रज्ञांच्या मते व्यंग्यार्थ हा शब्दातून आपोआप निघत नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रस्ताव कोणता, स्थळ व काळ कोणता, या गोष्टींच्या वैशिष्ट्यामुळे तो प्रतीत होतो. तेव्हा व्यंग्यार्थावर आरोप आधारावयाचा असेल तर ही सर्व सामग्री सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर येते. मराठी वाचकाने या लेखांतून काय घेतले हे त्याला दाखवावे लागेल. आणि तसे दाखवावयाचे तर मराठी वाचकांच्या समाजातूनच साक्ष आणावी लागेल. फिर्यादी पक्षाने व्यंजनेचा लाभ घेतला आणि व्यंजनेचा पुरावा मात्र दिला नाही. भाषांतराने लेख वाचकसमाजापासून तोडला आणि त्या तुटलेल्या लेखावर ज्यूरीने आपल्या भीतीचा अर्थ आरोपित केला. टिळकांनी हा मुद्दा याच परिभाषेत मांडलेला नाही. परंतु वृत्तपत्रीय वाद पुराव्यात दाखल करण्याची त्यांची धडपड याच दिशेची होती. व्यंजना नाकारण्याऐवजी तिच्या सिद्धीचा भार प्रतिपक्षावर टाकणे, हा मार्ग त्यांनी अधिक स्पष्टपणे स्वीकारला असता तर भाषणाची तार्किक घडण अधिक एकसंध झाली असती.

गद्य म्हणूनही या भाषणात दोष आहेत. इंग्लंडातील मुद्रणस्वातंत्र्य व ज्यूरीचे अधिकार यांचा इतिहास मांडताना आधारांची दाटी होते, पुनरुक्ती होते आणि 'केसरी'तील अग्रलेखांचा नेमकेपणा येथे क्वचितच आढळतो. याचे एक कारण उघड आहे. मराठीचा न्याय इंग्रजीत होऊ नये असे सांगणाऱ्या आरोपीला ते इंग्रजीतच सांगावे लागत होते. भाषांतराविरुद्ध केलेला हा बचाव स्वतः एक दीर्घ भाषांतर होता.

२२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविल्यावर सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा फर्मावण्यात आली. त्या शिक्षेच्या काळात मंडाले येथे 'गीतारहस्य' लिहिले गेले. त्याच्या आरंभीच्या प्रकरणात ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याविषयी मीमांसकांनी घालून दिलेल्या कसोट्यांचा टिळकांनी आधार घेतला आहे. ग्रंथाचा आरंभ व शेवट, त्यात वारंवार येणारी गोष्ट, त्यातील नावीन्य, परिणाम, प्रशंसापर भाग आणि उपपत्ती ही सर्व पाहून मगच तात्पर्य सांगावे, सुटे वचन उचलून सांगू नये, असा त्या नियमांचा आशय आहे. गीतेवरील सांप्रदायिक टीकाकारांविषयी त्यांची तक्रार आणि आपल्या लेखांवरील सरकारी भाषांतरकारांविषयी त्यांची तक्रार यांत प्रकारभेद नाही. न्यायासनासमोर जो विचार विस्कळीत राहिला तो ग्रंथात पद्धतशीर झाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

५

तिसरे प्रकरण १९१६ चे. बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यविषयक मराठी भाषणांबद्दल पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. येथे बचावाचे काम बॅरिस्टर महंमद अली जिना यांच्याकडे होते. वादाचा केंद्रबिंदू 'सरकार' हा शब्द होता. मराठीत 'सरकार' म्हणजे राजसत्ता, सरकार म्हणजे अंमलदार, सरकार म्हणजे जमीनदार किंवा धनी, आणि आदरार्थी संबोधनही 'सरकार'च. टिळकांनी आपल्या भाषणांत ही गुंतागुंत देव आणि पुजारी यांच्या दृष्टांताने उलगडली होती : देवाविषयी तक्रार नाही, पुजारी बदलावयाचे आहेत. राजसत्ता व नोकरशाही यांतील हा भेद बचावाचा आधार झाला.

९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. भाषणे समग्र वाचून त्यांचा एकंदर परिणाम पाहावा, सुट्या वाक्यांवर निर्णय बेतू नये, ही दृष्टी न्यायासनाने स्वीकारली. १९०८ मध्ये जी गोष्ट एकवीस तासांत ज्यूरीच्या गळी उतरली नव्हती ती येथे मान्य झाली. याचे श्रेय केवळ वकिलाच्या कौशल्याला देणे पुरेसे नाही. ज्यूरीऐवजी दोन न्यायमूर्ती होते, बाँबस्फोटाची ताजी भीती नव्हती आणि वक्त्याने स्वतःच आपला अर्थ दृष्टांताने सीमित करून ठेवला होता. मागील दोन अभियोगांनी टिळकांच्या मराठीला जे शिकविले त्याचा प्रत्यय या दृष्टांतात येतो.

६

या तीन प्रकरणांचा विचार केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा विषय नाही. १९४२ साली फेडरल कोर्टाने १२४-अ ची कक्षा आकुंचित केली, १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने ती पुन्हा विस्तारली आणि १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंसा किंवा अव्यवस्था माजविण्याकडे प्रवृत्ती असणाऱ्या शब्दांपुरते ते कलम मर्यादित केले. ११ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने त्या कलमाचा अंमल स्थगित ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर 'अप्रीती' हा शब्द फौजदारी कायद्याच्या त्या स्थानावरून गेला. मात्र नव्या संहितेच्या १५२ व्या कलमातही बोललेले व लिहिलेले शब्द हे अपराधाचे साधन म्हणून राहिलेच आहेत. तेव्हा अर्थ कोणी सिद्ध करावयाचा हा प्रश्न कलमाबरोबर नाहीसा झालेला नाही.

तो राजकीय अपराधांपुरताही नाही. महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांत साक्षीदार मराठीत, आणि पुष्कळदा आपल्या बोलीत, जबानी देतो. खटला वर गेला म्हणजे संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असल्याने तीच जबानी भाषांतरित होऊन न्यायमूर्तींपुढे येते. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजावून सांगितली पाहिजे, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९ व्या कलमात होती आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तशी व्यवस्था आहे. परंतु कायद्याची ही काळजी आरोपीच्या आकलनापुरती आहे. साक्षीदाराच्या शब्दाचे भाषांतर त्याच्या बोलीतील अर्थाशी जुळते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी प्रत्यक्षात बचावाच्या वकिलावर पडते. 'मारले' या क्रियापदाने कोठे चापट समजावयाची आणि कोठे प्राणहरण, 'बघून घेईन' ही धमकी की केवळ त्रागा, याचा निर्णय शब्दकोश करू शकत नाही. एखाद्या गरीब आरोपीच्या बाबतीत हा निर्णय भाषांतरकाराच्या एका ओळीवर अवलंबून राहतो आणि त्या ओळीची उलटतपासणी करण्यास कोणी उभे राहत नाही.

टिळकांच्या बचावाचा चिरस्थायी भाग येथे आहे. भाषांतर हा पुराव्याचा निरुपद्रवी वाहक नसून स्वतः एक साक्षीदार आहे आणि इतर साक्षीदारांप्रमाणेच त्याचीही उलटतपासणी झाली पाहिजे, हे तत्त्व त्यांनी आचरणाने प्रस्थापित केले. मराठीच्या अभ्यासकांवर त्यातून एक कर्तव्य येते. बोलींतील क्रियापदे, शिव्या, शपथा व धमकीवाचक प्रयोग यांची अर्थक्षेत्रे प्रदेशपरत्वे निश्चित करणे हे कोशकाराचे काम आहे, तसेच ते न्यायाच्या कामी उपयोगी पडणारेही आहे. अशी साधने सिद्ध झाली तर जिल्हा न्यायालयात उभ्या असलेल्या साध्या वकिलाला, १९०८ साली टिळकांना एकाकी करावे लागलेले काम, काही आधाराने करता येईल.